‘ते’ म्हणजे नेमके कोण? जगामागचा हात शोधणाऱ्यांना खुले पत्र

जगाचा कारभार पडद्याआडून कुणीतरी चालवतं असं मनापासून मानणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

तुमची टिंगल करायला हे पत्र लिहिलेलं नाही. टिंगल खूप झाली आणि तिने कुणाचंच भलं झालं नाही. तुमच्यातला एक माझ्या घरातला आहे, माझा थोरला भाऊ. त्याच्याशी मी आधी वाद घातला, मग अबोला धरला, मग विषयच टाळायला लागले. तिन्ही चुकलं. त्याला जे कधी नीट सांगता आलं नाही, ते आज तुम्हा सगळ्यांना सांगते आहे.

दादाची एक वही माझ्यापाशी आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, आखीव. पहिली नोंद ५ फेब्रुवारी २००३ ची. त्या दिवशी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत एक छोटी कुपी बोटांत धरून दाखवली आणि इराककडे जैविक व रासायनिक शस्त्रं असल्याचं जगाला सांगितलं. दादाने समासात तारीख घातली, नाव लिहिलं, पॉवेल काय म्हणाले ते चार ओळींत उतरवलं आणि खाली तांबड्या शाईने एक प्रश्न लिहिला: ‘पुरावा कुणी पाहिला?’

प्रश्न अगदी वर्मावर होता. पॉवेल ज्या फिरत्या प्रयोगशाळांबद्दल बोलले, त्यांची माहिती मुख्यतः एका इराकी निर्वासिताने पुरवली होती. गुप्तचरांनी त्याला ‘कर्व्हबॉल’ असं सांकेतिक नाव दिलं होतं. ती माहिती आपण रचून सांगितली, हे त्याने २०११ मध्ये स्वतःच कबूल केलं.

२ मार्चच्या पानावर आणखी एक नोंद आहे. त्या दिवशी ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने एक गुप्त निरोप छापला. युद्धाच्या ठरावावर ज्यांची मतं डळमळीत होती, त्या सुरक्षा परिषदेतल्या देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवायला मदत करा, असं अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेने ब्रिटिश हेरखात्याला कळवलं होतं. वृत्तपत्रातल्या कुणीतरी सवयीने अमेरिकी स्पेलिंगं सुधारून ब्रिटिश केली, आणि तेवढ्यावरून हा कागद बनावट आहे असा गिल्ला झाला. कागद खराच होता. तो बाहेर काढणारी कॅथरीन गन ही त्या खात्यातली भाषांतरकार. तिला अटक झाली, खटला उभा राहिला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारने पुरावाच सादर न केल्यामुळे तो बारगळला. दादाच्या वहीत तिच्या नावाची जागा आधी कोरी सोडलेली दिसते. नाव नंतर भरलंय, वेगळ्या शाईने. म्हणजे तो वाट बघत होता. नाव कळल्याशिवाय नोंद पुरी झाली असं त्याला वाटत नव्हतं.

१८ मार्च २००३. ब्रिटिश संसदेने युद्धाला संमती दिली, ४१२ विरुद्ध १४९. पुढे कंसात दादाने लिहिलंय: ‘सगळी नावं मिळवायची.’

हा दादा मला अजून हवा आहे.

वहीच्या मध्यावर बाण सुरू होतात. बिल्डरबर्ग, ट्रायलॅटरल कमिशन, दावोस अशा बड्या राजकारणी-उद्योगपतींच्या बैठका आणि मंडळं, शिवाय मोठ्या बँका. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जाणारे, मग तिसऱ्यातून परत पहिल्यात येणारे. तारखा विरळ होतात आणि पुढे थांबतातच. कुठे वाचलं, कुणी सांगितलं, हेही लिहिणं सुटतं. शेवटच्या तीसेक पानांवर ‘त्यांनी ठरवलं’, ‘त्यांना हे हवंच होतं’, ‘ते होऊ देणार नाहीत’ अशी वाक्यं एकाखाली एक आहेत. मी एक पान पेन्सिलीने खुणा करत वाचलं. ‘ते’, ‘त्यांनी’, ‘त्यांचा’ मिळून अकरा वेळा. माणसाचं नाव एकदाही नाही.

शाळेत आपल्याला व्याकरणात पहिली गोष्ट काय शिकवतात? वाक्यातला कर्ता शोधा. युद्ध करणारी सरकारं बोलतात तेव्हा कर्ता गायब असतो. ‘निर्णय घेण्यात आला.’ ‘चुका झाल्या.’ ‘उपलब्ध माहितीनुसार कारवाई करण्यात आली.’ कुणी घेतला, कुणाकडून झाल्या, कुणी केली, सगळं धुक्यात. या भाषेची चीड येऊनच तुम्ही शोधाला निघालात. आणि मग तुम्हीही एक सर्वनाम उचललंत, ज्याला नाव नाही, पत्ता नाही, सही नाही. ज्याच्यावर खटला भरता येत नाही आणि ज्याला मतपेटीतून घरी बसवताही येत नाही. ज्यांना पकडायला तुम्ही निघालात, तेच या ‘ते’च्या आडून सहीसलामत निसटतात. माझी तुमच्याबद्दल तक्रार एवढीच आहे, आणि ती मोठी आहे.

कारस्थानं होत नाहीत असं मी म्हणतच नाही. होतात. एक मी जवळून वाचलंय, ते सांगते.

जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी सुएझ कालव्याच्या कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटन आणि फ्रान्सचं पित्त खवळलं. ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या एका बंगल्यात तीन देशांची माणसं गुपचूप जमली. इस्राएलचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री क्रिस्तियां पिनो, ब्रिटनकडून आधी परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड आणि नंतर पॅट्रिक डीन नावाचे वरिष्ठ अधिकारी. ठरलं ते असं. इस्राएलने इजिप्तवर हल्ला करायचा. मग ब्रिटन आणि फ्रान्सने भांडण सोडवायला आल्याचा आव आणून दोघांना कालव्यापासून मागे हटायला सांगायचं. इजिप्त ते ऐकणार नाही हे उघडच होतं. ऐकलं नाही की कालव्याच्या रक्षणाच्या नावाखाली आपलं सैन्य उतरवायचं. २४ ऑक्टोबरला हे सगळं फ्रेंचमध्ये टंकून त्यावर बेन-गुरियन, पिनो आणि डीन यांनी सह्या केल्या.

ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना कागद झाल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. लेखी काही राहायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अधिकाऱ्यांना पॅरिसला धाडलं, प्रती नष्ट करा असं सांगायला. फ्रेंच तयार झाले नाहीत. इस्राएलची प्रत तर बेन-गुरियन घेऊन गेलेच होते. ब्रिटनने स्वतःची प्रत नष्ट केली. २० डिसेंबरला ईडन यांनी संसदेत सांगितलं की इस्राएल हल्ला करणार याची आम्हाला पूर्वकल्पना नव्हती. इथे मी आधी ‘संसदेत खोटं बोललं गेलं’ असं लिहिलं होतं. खोडलं. ईडन खोटं बोलले.

इस्राएलची प्रत टिकली आणि १९९६ मध्ये तिचा मजकूर जगासमोर आला. आज तो कुणालाही वाचता येतो. मी वाचला तेव्हा त्याच्या कोरडेपणानेच अंगावर काटा आला. अमुक दिवशी संध्याकाळी इस्राएलने हल्ला करायचा, अमुक दिवशी ब्रिटन आणि फ्रान्सने निर्वाणीचा इशारा द्यायचा. लग्नाच्या याद्या करतात तसा.

तुम्ही म्हणाल, बघा, आमचंच खरं ठरलं. पण पुढचंही बघा. कारस्थान करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, तरी कागद दडवता आला नाही. आणि ज्या अमेरिकेला तुम्ही या सगळ्यांची धनीण समजता, तिच्या अध्यक्षांना आपल्याच मित्रदेशांनी अंधारात ठेवलं होतं. ड्वाइट आयझेनहॉवर भडकले. पौंडाची घसरण होत असताना, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून ब्रिटनला जी मदत हवी होती ती अमेरिकेने अडवली. सैन्य कालव्यावर उतरून दोन दिवस होत नाहीत तोच ब्रिटनला युद्धबंदी मान्य करावी लागली. जानेवारी १९५७ मध्ये ईडन पायउतार झाले. जगाचा एकच मालक असता तर त्याच्या उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट असं पिरगळलं नसतं. सुएझमध्ये मला दिसतात ती घाबरलेली, अहंकारी, एकमेकांपासून लपवाछपवी करणारी माणसं. प्रत्येकाला नाव आहे. प्रत्येकाला जाब विचारता येतो.

इराणचंही तेच. १९५१ मध्ये मोहम्मद मोसद्देक यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने ब्रिटिश गुप्तहेरांच्या साथीने त्यांचं सरकार पाडलं. तुमच्यातले बरेच जण हे उदाहरण देतात आणि ते खरं आहे. पण पहिला डाव फसला होता, हे तुम्ही सांगत नाही. इराणचे राजे, शहा, देश सोडून आधी बगदादला आणि तिथून रोमला पळाले होते. वॉशिंग्टनहून, आता पुरे, आवरतं घ्या, असा निरोप गेला होता. तेहरानमधला सीआयएचा माणूस कर्मिट रूझवेल्ट थांबला नाही, आणि १९ ऑगस्टला बाजी उलटली. ठरल्याप्रमाणे सगळं घडवून आणणारी सर्वज्ञ मंडळी यात कुठे आहेत?

आणि हे आपल्याला कसं कळलं, तेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या धोरणाचे जुने दस्तऐवज खंडांमध्ये छापतं. १९८९ मध्ये इराणचा त्या काळातला खंड निघाला, त्यात सीआयएचा या उठावातला हात दिसेल असं काही ठेवलेलंच नव्हतं. खात्याच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष, इतिहासकार वॉरन कोहेन, यांनी राजीनामा दिला. इतिहासकारांच्या संघटनांनी आवाज उठवला. १९९१ मध्ये कायदा झाला की अशा खंडांनी धोरणाचं खरं आणि पुरं चित्र द्यायचं, साधारण तीस वर्षांच्या आत. २०१३ मध्ये सीआयएच्या एका अंतर्गत इतिहासातला या उठावाची कबुली देणारा भाग खुला झाला. इराणचा दुरुस्त खंड यायला मात्र २०१७ उजाडलं. उठावानंतर चौसष्ट वर्षं! हा उशीर संतापजनक आहे, मलाही संताप येतो. पण ही कोंडी फोडली कुणी? अर्ज करणाऱ्यांनी, राजीनामा देणाऱ्यांनी, कोणत्या पानावर काय गाळलंय ते दाखवणाऱ्यांनी. ‘ते कधीच सांगणार नाहीत’ असं म्हणून घरी बसणाऱ्यांनी नाही.

मग पैसेवाल्यांचं चालत नाही का? चालतं. ग्वाटेमालाचं बघा. तिथे हाकोबो आर्बेन्झ यांच्या सरकारने १९५२ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा केला आणि युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीची पडीक जमीन ताब्यात घ्यायला सुरुवात केली. जून १९५४ मध्ये सीआयएने आर्बेन्झना घालवलं. त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलस, सीआयएचे प्रमुख त्यांचे सख्खे भाऊ ॲलन डलस, आणि दोघेही पूर्वी ज्या वकिली कंपनीत होते ती युनायटेड फ्रूटचं काम पाहिलेली. कम्युनिझमची भीती किती आणि केळ्यांचा धंदा किती, यावर अभ्यासक आजही भांडतात. पण हितसंबंध दिसायला इथे कुठला प्राचीन संघ लागत नाही. कंपनी, तिचे वकील आणि त्यांच्या बुडाखालची खुर्ची, एवढं दाखवलं की पुरतं. आणि एवढंच दाखवायला कष्ट पडतात, कागद चाळावे लागतात.

बिल्डरबर्गबद्दल सविस्तर लिहिते, कारण दादाच्या वहीत सगळ्यात जाड चौकोन त्याचाच आहे.

मे १९५४ मध्ये नेदरलँड्समधल्या ओस्टरबेक इथल्या बिल्डरबर्ग हॉटेलात युरोप आणि अमेरिकेतले राजकारणी, उद्योगपती, बँकवाले जमले, आणि तेव्हापासून एखाददुसरं वर्ष सोडलं तर ही बैठक दरवर्षी होते. दीडशेच्या आत माणसं. आत कोण काय बोललं ते नावानिशी बाहेर सांगायचं नाही, हा नियम. मलाही हे पटत नाही. लोकांनी निवडून दिलेला मंत्री बँकेच्या मालकाशी बंद खोलीत तीन दिवस बोलतो, तर त्याने परत आल्यावर काय बोललो ते सांगितलं पाहिजे. अलीकडे ते उपस्थितांची यादी आणि विषय जाहीर करतात. तेवढ्याने भागत नाही, असं माझं मत आहे.

पण या बैठकीच्या पहिल्या अध्यक्षाचं काय झालं, हे तुमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे? नेदरलँड्सच्या राणी युलियाना यांचे यजमान, प्रिन्स बर्नहार्ड. १९५४ पासून १९७६ पर्यंत तेच अध्यक्ष. १९७६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीसमोर लॉकहीड या विमान कंपनीचे अधिकारी साक्षीला उभे राहिले. विमानं खपवण्यासाठी देशोदेशी लाच चारल्याचं त्यांनी सांगितलं. नेदरलँड्समधल्या एका बड्या व्यक्तीला अकरा लाख डॉलर दिल्याचं त्यात निघालं. ती व्यक्ती म्हणजे प्रिन्स बर्नहार्ड. डच सरकारने तिघांची चौकशी समिती नेमली. अहवाल आला. प्रिन्सना पदं सोडावी लागली, लष्करी गणवेश घालायला बंदी झाली. खटला मात्र भरला नाही. त्या वर्षीची बिल्डरबर्ग बैठक रद्द झाली. पैसे घेतल्याची कबुली त्यांनी एका मुलाखतीत दिली, ती २००४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर छापून आली. त्याच लॉकहीड प्रकरणात जपानचे माजी पंतप्रधान काकुएइ तानाका यांना अटक झाली. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणं गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेने १९७७ मध्ये केला, तोही यातूनच.

म्हणजे बिल्डरबर्गचा अध्यक्ष खरोखर लाचखाऊ निघाला. पकडला कुणी? बंद दारांवर बाण काढणाऱ्यांनी नाही. साक्षीदाराला शपथेवर उभं करून, हिशेबाची कागदपत्रं मागवून, रक्कम आणि विमानाचं नाव विचारणाऱ्या समितीने. दादाच्या वहीत बिल्डरबर्गचा चौकोन बावीस ठिकाणी आहे. प्रिन्स बर्नहार्ड कुठेही नाहीत. लॉकहीडही नाही. मला याचं फार वाईट वाटलं.

आता अवघड भागाकडे येते. तो टाळला तर पत्र अर्धवट राहील.

‘ते’ ही जागा फार दिवस रिकामी राहत नाही. माणसाच्या मनाला चेहरा लागतो. १७७६ मध्ये बव्हेरियात आडाम वाइसहाउप्ट नावाच्या प्राध्यापकाने ‘इल्युमिनाटी’ ही छोटी गुप्त संघटना काढली. दहा वर्षांच्या आत सरकारने ती बंद पाडली, तरी फ्रेंच राज्यक्रांती तिनेच घडवली असं सांगणारी पुस्तकं १७९७ मध्ये निघाली. पुढे हेच कथानक ज्यूंच्या माथी मारलं गेलं. मारणाऱ्यांची नावं आहेत. वॉटर्लूच्या लढाईची बातमी आधी कळल्यामुळे ज्यू बँकर नाथन रॉथशिल्डने गडगंज पैसा केला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. लढाई १८१५ ची आणि कथा पसरली १८४६ मधल्या एका फ्रेंच चोपड्यातून. लेखकाने ‘सैतान’ या टोपणनावाने ते लिहिलं होतं. मग १९०३ मध्ये रशियातल्या एका ज्यूद्वेष्ट्या वृत्तपत्राने ‘प्रोटोकॉल्स’ छापले, ज्यू पुढाऱ्यांनी जग ताब्यात घ्यायचा कट कसा रचला याचं म्हणे इतिवृत्त. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चे वार्ताहर फिलिप ग्रेव्ह्ज यांनी दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद १८६४ मधल्या एका फ्रेंच पुस्तकातून चोरलेले आहेत. ते पुस्तक फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर टीका करणारं होतं, त्यात ज्यूंचा संबंधच नव्हता. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी आपल्या साप्ताहिकातून हे विष वाटलं आणि १९२७ मध्ये माफी मागितली. तोवर उशीर झाला होता. नाझींनी हीच चोरी शाळेतल्या मुलांना वाचायला दिली. पुढे काय झालं ते मी लिहायला नको.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे ज्यूंचं नाव घेतो? बरेच जण घेत नाहीत, मला माहीत आहे. दादानेही घेतलं नव्हतं, खूप वर्षं. त्याने ‘जागतिक बँकर’ लिहिलं, मग ‘एक घराणं’, मग एक आडनाव, मग ते आडनाव असलेल्या कुणाचंही नाव. शेवटच्या पानांमध्ये घडी घातलेला एक छापील कागद आहे. मी उघडला. प्रोटोकॉल्समधला उतारा होता, कुणीतरी मायभाषेत करून पाठवलेला, वर ना नाव ना साल. कुपी दाखवणाऱ्या पॉवेलला ‘पुरावा कुणी पाहिला?’ असं विचारणाऱ्या माझ्या भावाने त्या कागदावर काहीही विचारलं नव्हतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, अकरा माणसं प्रार्थनेच्या वेळी मारली गेली. ज्यूंची एक संस्था निर्वासितांना मुद्दाम देशात आणते आहे असं मानणाऱ्या बंदूकधाऱ्याने ती मारली. या बातमीनंतर मी तो कागद पुन्हा उघडला नाही.

आणखी एक. तुमच्या हातातलं हे शस्त्र सत्तेविरुद्ध आहे असं तुम्हाला वाटतं. ते बऱ्याचदा सत्तेच्याच कारखान्यात घडलेलं असतं. जुलै १९८३ मध्ये दिल्लीतल्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. एड्सचा विषाणू अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत तयार केला, असं त्यात होतं. लिहिणारा म्हणे अमेरिकेतला नावाजलेला शास्त्रज्ञ. प्रत्यक्षात तो केजीबी या सोव्हिएत हेरखात्याचा डाव होता. दोनेक वर्षांनी सोव्हिएत वृत्तपत्राने तोच दावा, भारतातल्या पत्राचा हवाला देत, पुन्हा छापला आणि मग तो जगभर फिरला. १९९२ मध्ये रशियाच्या गुप्तहेर खात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी या मोहिमेतला आपल्या हेरखात्याचा हात मान्य केला. लोकांचा अमेरिकेवरचा अविश्वास खरा होता, त्याला कारणंही होती. एका सरकारने तो अविश्वास आपल्या परराष्ट्र धोरणासाठी वापरून घेतला. वाचणाऱ्यांना वाटलं, आपल्याला आतली बातमी कळली.

६ जुलै २०१६ ला इराक युद्धावरचा ब्रिटनचा चौकशी अहवाल आला. सर जॉन चिलकॉट यांच्या समितीने सात वर्षं घेतली होती. बारा खंड. शांततेचे मार्ग संपलेले नसतानाच ब्रिटन युद्धात उतरला, शस्त्रांच्या धोक्याबद्दल जितक्या खात्रीने सांगितलं तितकी खात्री बाळगायला आधार नव्हता, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्यासोबत खुल्या झालेल्या कागदांमध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी २८ जुलै २००२ ला अध्यक्ष बुश यांना पाठवलेली चिठ्ठी आहे. युद्धाच्या आठ महिने आधीची. पहिल्याच वाक्यात ब्लेअर म्हणतात, काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर असेन.

मी ते वाचलं आणि दादाला फोन केला. कित्येक महिन्यांनी. म्हटलं, ‘दादा, तुझं खरं होतं. पहिल्या पानापासून खरं होतं. बघ, सहीनिशी आलंय.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘हे त्यांनीच बाहेर काढलंय, ताई. आपल्याला गप्प करायला.’

तेरा वर्षं ज्या कागदाची त्याने वाट पाहिली, तो समोर आला आणि त्याला तो ओळखता आला नाही. आम्ही दोघंही फोन धरून बसलो. त्याच्याकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मी ठेवते म्हटलं. पुढच्या वेळी भेटलो तेव्हा त्याने ती वही माझ्या हातात दिली. ‘तुला हवी असेल तर ठेव, मला आता यातलं काही लागत नाही,’ म्हणाला.

तुमच्याकडे माझं मागणं आहे, ते थेट लिहिते. संशय सोडू नका. सरकारं युद्धाच्या गोष्टी करायला लागली की तुमच्यासारखी माणसं जागी हवीत. पण ‘ते’ लिहिताना हात थांबवा आणि तिथे नाव घालता येतं का बघा. नाव मिळत नसेल तर दादासारखी जागा कोरी ठेवा. ती कोरी जागा प्रामाणिक असते, ‘ते’ नसतं. ठरावावर मतं कुणी कशी दिली याच्या याद्या छापील असतात, त्या काढा. कोणत्या करारातून कोणत्या कंपनीला किती शस्त्रांची मागणी मिळाली, ते शोधा. दस्तऐवज खुले व्हायची मुदत उलटली असेल तर अर्ज करा, पाठपुरावा करा, नकार आला तर नकारावर सही कुणाची आहे ते लिहून ठेवा. तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक मजकुरावर, तो तुमच्या मनासारखा असला तरी, तांबड्या शाईने तोच प्रश्न लिहा जो पॉवेल यांच्या भाषणाखाली लिहिलेला आहे. आणि एखाद्या कथेचा शेवट एका जमातीवर, एका धर्मावर, एका आडनावावर होत असेल तर तिथेच थांबा आणि ती आधी कुणी छापली ते विचारा.

ब्लेअर यांच्या त्या चिठ्ठीचं पहिलं पान मी छापून घेतलं आणि वहीत चिकटवलं, १८ मार्च २००३ च्या पानासमोर, जिथे ‘सगळी नावं मिळवायची’ असं लिहिलंय. त्या ४१२ जणांची यादीही मी काढली आहे. बारीक अक्षरात पाच पानं भरली. वहीत शेवटची काही पानं अजून कोरी आहेत. दादा आला तर त्याला आधी हीच दाखवणार आहे.

आपली,
एका दादाची बहीण